मधाचा धूर आणि वाऱ्याची वाट

मध आधी फेसाळतो. दूध उतू जातं तसा वर चढतो, डब्याच्या काठाशी येतो, आणि त्या क्षणी खालची ज्योत कमी केली नाही तर सगळा मातीत सांडतो. मग रंग बदलतो. पिवळ्याचा तांबूस, तांबूसचा काळपट, आणि पाक करपल्यासारखा वास सुटतो. इथपर्यंत धूर पांढरा असतो. त्यानंतर तो निळसर होतो, जड होतो आणि वर जाण्याऐवजी पानांना चिकटत चिकटत उताराने सरकू लागतो. हाच धूर हवा असतो. दहा मिनिटं पुरतात. पण आधी फूटभर घेरातला पालापाचोळा बाजूला करून ओली माती उघडी केलेली असली पाहिजे, आणि रान सुकं असेल त्या दिवशी मध पेटवायचाच नाही.

अमेरिकेच्या मेन राज्यात, मूसहेड सरोवराच्या उत्तरेला, सप्टेंबरच्या एका दुपारी मी हे करत होतो. मागे छोटं तळं, पुढे सीडरच्या झाडांची दलदल, आणि मधे साखळीने झाडाला बांधलेलं, आमिषाचं एक निळं पिंप. मी आलो होतो काळ्या अस्वलाच्या शिकारीला. मराठीत या विषयावर फारसं कुणी लिहीत नाही, आणि जे विचारतात ते बहुतेक एकच विचारतात: वासाने अस्वल खरंच येतं का? येतं. पण ते कसं येतं, हे समजायला मला दोन मोसम लागले.

मी मूळचा गोंदियाकडचा. अस्वल आणि वास यांची सांगड माझ्या डोक्यात लहानपणीच बसलेली आहे. मार्चअखेर मोह फुलायला लागला की आजी पहाटे टोपली घेऊन निघायची, पण कधीच एकटी नाही. चार-पाच बायका एकत्र, मोठमोठ्याने बोलत, मधेच डबा वाजवत. कारण मोहाच्या फुलांचा तो गोड, आंबूस, जड वास जेवढा आम्हाला घरात यायचा तेवढाच तो रानातल्या अस्वलालाही जायचा, आणि झाडाखाली दोघं एकाच वेळी पोहोचले की मग कुणाचं तरी रक्त सांडायचं. आमच्या शेजारच्या गावात एका माणसाचा अर्धा चेहरा असाच गेला होता. भारतात अस्वलाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे आणि ते तसंच राहायला हवं. मेनमधली गोष्ट निराळी आहे. इथे काळी अस्वलं राज्याच्या अंदाजाने तीस हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांची शिकार हा संख्या आटोक्यात ठेवण्याच्या सरकारी आराखड्याचाच भाग आहे.

मला या वाटेवर आणलं माझ्या शेजारच्या काकांनी. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य लाकूडतोडीत गेलेलं. मी त्यांना नावाने हाक मारतो, इथली पद्धतच तशी, पण मनात ते काकाच आहेत. नागरिकत्व मिळाल्यावर मी शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम पूर्ण केला, परवाना काढला, अस्वलाचा वेगळा परवाना काढला आणि त्यांना म्हणालो, मला शिकवा. ते म्हणाले, "बंदूक तुला कुणीही शिकवेल. जुलैच्या शेवटी ये, पिंप उचलायला."

मोसम ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी उघडतो. आमिष त्याच्या तीस दिवस आधीपासून ठेवता येतं. गाडी जाते त्या वाटेपासून निदान ५० यार्ड आत, राहत्या घरापासून ५०० यार्डांपलीकडे, आणि जागेवर आमिष ठेवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिलेली पट्टी लावायची. जमीनमालकाची परवानगी हवीच. काकांनी ही पट्टी मला स्वतःच्या हाताने लिहायला लावली. पाऊस लागून अक्षर फिसकटू नये म्हणून मी ती दोनदा लिहिली.

पिंपात काय घालायचं? बेकरीतला शिळा पाव, डोनट, पॉपकॉर्न, ओट. चॉकलेट नाही. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये २०१४ साली आमिषाच्या जागी चार अस्वलं मेलेली सापडली होती. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्यांना भोवलं होतं. त्या राज्याने नंतर आमिषात चॉकलेटवर बंदीच घातली. मेनमध्ये राहून काका तो नियम स्वतःहून पाळतात, आणि मला वाटतं प्रत्येकाने पाळावा.

पण पिंप म्हणजे फक्त जेवणाचं ताट. बोलावणं करतो तो वास, आणि दुकानात त्याच्या बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात. रास्पबेरी, व्हॅनिला, खरपूस बेकन, बडीशेपेच्या जातीतल्या अॅनिसचं तेल. पहिल्या वर्षी मी पाच-सहा घेतल्या. आज विचाराल तर सांगेन की तीन गोष्टी पुरेत.

पहिली, हॉटेलातलं तळणीचं वापरलेलं तेल. ते पिंपात नाही, पिंपासमोरच्या जमिनीवर ओतायचं. हे मला काकांनी दाखवलं आणि त्यातली अक्कल मला अजून थक्क करते. अस्वल येतं, तेलात पाय बुडतात, खाऊन परत जातं. त्याच्या पंजांनी तो वास रानभर पसरतो. दुसरं अस्वल ती वाट कुठेही ओलांडो, ती वाट धरूनच ते उलट इथे येतं. म्हणजे निरोप नेण्याचं काम अस्वलच करतं.

दुसरी, बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याच्या ग्रंथीतला स्राव. फासे लावणारे लोक तो विकतात. चामड्याचा, ओल्या सालीचा, थोडा कस्तुरीकडे झुकणारा वास. एखाद्या फडक्याला बोटभर लावून ते डोक्यापेक्षा उंच फांदीला बांधायचं. पावसातही तो टिकतो. यात खाण्याचं आश्वासन नाही, कुतूहल आहे. २०१८ मध्ये यवतमाळच्या पांढरकवडा भागातल्या वाघिणीसाठी वनखात्याने 'ऑब्सेशन' नावाचं अत्तर वापरल्याची बातमी इथेही पोचली होती, आणि इथल्या एकाने मला विचारलंही, तुमच्याकडे परफ्यूमने वाघ पकडतात का? मी त्याला सांगितलं की तत्त्व तेच आहे. ओळखीचा नसलेला, पण कुठल्यातरी प्राण्याचा वाटणारा वास आला की जनावर पाहायला येतं.

आणि तिसरी, मध. तो लांबवर जातो. मंद वाऱ्यावर मैलभर जातो असं जुने लोक म्हणतात.

एक चूक इथे सांगायलाच हवी. अॅनिसच्या तेलाची बाटली मी गाडीच्या डिकीत आडवी ठेवली आणि तिचं झाकण सैल होतं. चमचाभर सांडलं असेल. तो वास हिवाळाभर गाडीतून गेला नाही, आणि माझ्या मुलीला शाळेत सोडताना तिच्या कोटाला लागायचा. चमचाभर तेलाचा माणसाच्या नाकाला एवढा त्रास, तर ज्याचं नाक कुत्र्याहूनही तीव्र मानतात त्या जनावराला एक थेंब किती होत असेल, हे मला तेव्हा उमगलं. जास्त ओतून उपयोग नसतो. जास्त ओतलं की सगळं रान एकाच वासाचं होतं आणि वास कुठून येतोय हेच कळेनासं होतं.

पहिल्या मोसमात मी बारा संध्याकाळी मचाणावर बसलो. रविवारी मेनमध्ये शिकार बंद असते, बाकी जमेल तेव्हा. पिंप रोज रात्री रिकामं होत होतं, पण उजेडात काहीच येत नव्हतं. दहाव्या संध्याकाळी आलं. खारींचा चिरचिराट एकदम थांबला. मग डाव्या हाताला, माझ्या मागच्या बाजूला, एक काटकी मोडली. एकच. आणि नंतर नाकातून जोरात सोडलेला श्वास, दात एकमेकांवर आपटल्याचा टक-टक आवाज, आणि फांद्या बाजूला सारत दूर जाणारं काहीतरी मोठं. मला केसही दिसला नाही.

रात्री काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वारा कुठे होता?" मला सांगता येईना. मी मचाण बांधलं होतं ते पिंप नीट दिसावं म्हणून. अस्वल मात्र वासाच्या दिशेने सरळ कधीच येत नाही. ते आधी लांबून फेरा घालतं, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातं, आणि तिथून पिंपाबरोबर पिंपाभोवतीचं सगळंच हुंगतं. त्यात मी होतो. माझ्या जॅकेटला घरातल्या फोडणीचा वास होता, हिंगाचा आणि कांद्याचा. मानेवर डास पळवायचा फवारा होता. मी तीन आठवडे वासाने त्याला बोलावत होतो आणि त्याच वाऱ्यावर मी इथे बसलोय हेही कळवत होतो.

शिवाय ते बीचच्या फळांचं वर्ष होतं. मेनमध्ये बीचची झाडं साधारण एकाआड एक वर्ष भरभरून फळतात. टपोऱ्या, तेलकट, तिकोनी बिया. थंडी पडायच्या आत अस्वलाला दिवसाला पंधरा-वीस हजार कॅलरी पोटात घालायच्या असतात, आणि रानात बीचच्या बिया पडलेल्या असतील तर कुणाच्याही शिळ्या पावाकडे ते बघत नाही. काकांनी मला एका जुन्या बीचपाशी नेलं. करड्या गुळगुळीत सालीवर जमिनीपासून पार वरच्या फांद्यांपर्यंत पंजांचे पाच-पाच ठिपके, काही काळे पडलेले, काही त्याच आठवड्यातले. मी हात लावून पाहिला तर ताज्या खुणेतून ओल बोटाला लागली. बाजारातली कुठलीही बाटली त्या झाडापुढे टिकणार नव्हती.

हिवाळाभर मी वाऱ्याचाच विचार केला. संध्याकाळी उंचावरची हवा गार होते आणि पाण्यासारखी उताराने खाली ओघळते. सकाळी उलट, ऊन चढलं की वर जाते. हे कळलं की जागा आपोआप सुचते. जागा मी बदलली. नवं मचाण तळ्याला पाठ करून बांधलं. समोर पिंप, त्यापुढे दलदल, जिथे अस्वलं दिवसा पडून असतात. वायव्येचा वारा असेल त्याच संध्याकाळी बसायचं, म्हणजे माझा वास पाठीमागून पाण्यावर निघून जाईल, आणि तळ्यातून पोहत येऊन माझ्या मागे फेरा घालणं अस्वलाला सहसा रुचत नाही. वारा फिरला की खाली उतरून घरी जायचं, कितीही मन झालं तरी.

वारा बघायला विकतची पावडर मिळते. मी मिल्कवीडचा कापूस वापरतो. आपल्याकडे रुईच्या शेंगेतून उडणाऱ्या म्हाताऱ्या असतात, ज्यांच्यामागे आपण लहानपणी धावायचो, अगदी तशाच. आदल्या शरदातल्या शेंगा डबीत जपून ठेवायच्या. एक तंतू सोडला की तो कितीतरी लांबपर्यंत दिसतो: आधी सरळ जातो, मग झाडापाशी वळतो, एखाद्या खोलगट जागेवर आला की खाली बसतो. वारा म्हणजे एक दिशा नसते, वाट असते, हे त्या तंतूने मला दाखवलं.

कपडे शिकारीआधी आठवडाभर घराबाहेर, फरच्या झाडाच्या फांद्या घातलेल्या बंद पेटीत. साबण बिनवासाचा. त्या दिवसांत बायको म्हणायची की घरात हिंगाचा डबा उघडायचीही चोरी झाली आहे. तिने तो नियम मनापासून पाळला, आणि जे काही मिळालं त्यात तिचा वाटा आहे.

आमिष घालून शिकार करणं योग्य आहे का, हा प्रश्न मला भारतातून तर विचारतातच, इथेही विचारतात. कोलोरॅडोने १९९२ मध्ये, ओरेगनने १९९४ मध्ये ते बंद केलं. मेनमध्ये २००४ आणि २०१४ अशी दोनदा यावर मतं घेतली गेली आणि दोन्ही वेळा लोकांनी बंदी नाकारली. विरोधकांचं म्हणणं मला पटतं तेवढं मी मान्य करतो: भुकेल्या जनावराला जेवायला बोलावून मारणं हे ऐकायलाच कठोर आहे, आणि ते कठोर आहेच. पण मेनचं रान इतकं दाट आहे की चालत शोधायला गेलात तर अस्वल दिसतं ते अर्धा क्षण, तेही फांद्यांतून. ते नर आहे की मादी, मागे पिल्लं आहेत का, हे कळायच्या आत गोळी सुटते किंवा अस्वल जातं. पिंपापाशी ते थांबतं. मला बघायला वेळ मिळतो. त्या वेळेसाठीच मी वास वापरतो, आणि तो वेळ वापरायचा नसेल तर कुणी हे करूच नये असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या मोसमात बीच फळला नव्हता. चौथ्याच संध्याकाळी मध उकळून झाल्यावर तासाभराने दलदलीच्या कडेला काळं काहीतरी हललं. मादी होती. निमुळतं तोंड, डोक्याच्या मानाने कान मोठे. ती मागच्या पायांवर उभी राहिली, नाक वर करून डावीकडे-उजवीकडे हलवलं आणि फांदीला बांधलेल्या फडक्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या मागून दोन पिल्लं आली. एक सरळ पिंपात अर्धं शिरलं, मागचे पाय हवेत. दुसरं माझ्यापासून पंधरा पावलांवरच्या फरच्या झाडावर चढलं आणि माझ्या उंचीला येऊन थांबलं. त्याच्या जिभेवर पॉपकॉर्नचं टरफल चिकटलेलं मला दिसत होतं. मी श्वास रोखून बसलो. पिल्लू मला बघत होतं आणि त्याला माझा वास येत नव्हता. चाळीस मिनिटं ते तिघं तिथे होते. बंदूक माझ्या मांडीवर आडवी होती आणि मी तिला हात लावला नाही.

नर आला तो पुढच्या आठवड्यात, मेपलची पहिली पानं लाल झाली होती तेव्हा. उजेड जेमतेम अर्धा तास उरलेला. आवाज नाही, समोर काही नव्हतं आणि मग तो होता. पिंपाची उंची साधारण तीन फूट, त्यामुळे पिंप हेच मोजमाप. त्याची पाठ पिंपाच्या वरच्या कड्याला लागत होती. कान लहान, डोक्याच्या दोन बाजूंना एकमेकांपासून दूर, चाल जड. मागे काही येतंय का, म्हणून मी थांबलो. तो आडवा होईपर्यंत थांबलो. मग माझ्याकडचा पुढचा पाय त्याने पुढे टाकला, बरगड्या उघड्या झाल्या, आणि मी गोळी झाडली.

तो चाळीस यार्ड धावला. मग दलदलीतून एक लांब, खोल कण्हण्याचा आवाज आला. काकांनी मला आधी सांगून ठेवलं होतं की कधीकधी अस्वल असं कण्हतं आणि ते ऐकलं की शोधायला घाई करायची नाही, संपलेलं असतं. सांगितलं होतं तरी मी त्यासाठी तयार नव्हतो. मी मचाणावरच बसून राहिलो, अंधार होईपर्यंत, आणि मला रडू आलं. खाली उतरून त्याच्याजवळ गेलो तेव्हा पंजांना तळणीच्या तेलाचा वास येत होता. तो याआधीही येऊन गेला होता, आणि त्याच पंजांनी इतरांसाठी वाट करून गेला होता.

सप्टेंबरची हवा गरम असते, त्यामुळे मांसाला वेळ नसतो. रात्रीच आतडी काढून, बर्फाच्या पिशव्या पोटात भरून आम्ही त्याला शिकारीची नोंद होते त्या दुकानात नेलं. साफ केलेलं वजन १८७ पौंड, म्हणजे ८५ किलोच्या आसपास. सुळ्यामागचा छोटा दात काढून राज्याच्या वन्यजीव खात्याला द्यायचा असतो. त्याच्या मुळातल्या वलयांवरून वय मोजतात. पुढच्या वर्षी कळलं, सहा वर्षांचा होता.

अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात, म्हणून ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजलंच पाहिजे. मी सावजी मसाल्यात रस्सा केला, मोठ्या आचेवर, आणि प्रत्येक तुकड्यात थर्मामीटर खुपसून पाहिला. चरबी तूप कढवावं तशी मंद आचेवर कढवून बरण्यांत भरली. पांढरीशुभ्र होते, वास जवळजवळ नाही. दोन बरण्या काकांना दिल्या.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बापू, जांबुवंत आहे रे तो." मी म्हटलं, हो. मग तिने विचारलं, वाया काही गेलं का? मी म्हटलं, काही नाही. कातडंही कमावायला दिलंय. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुला दरवेशाचा ताईत घातला होता आम्ही. आठवतं?" आठवतं. दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत आला की आजी त्याला तांदूळ द्यायची आणि तो अस्वलाचे दोन-चार केस उपटून द्यायचा. ते काळ्या दोऱ्यात, तांब्याच्या नळीत भरून माझ्या गळ्यात होते. अस्वल त्या वेळी हलायचं नाही. त्याच्या नाकातून दोरी ओवलेली असायची.

१० नोव्हेंबरच्या आत आमिषाची जागा साफ करावी लागते. आम्ही ४ तारखेला गेलो. बोटभर बर्फ पडलेला, एकही पाऊल उमटलेलं नाही. बीच फळला नव्हता, त्यामुळे अस्वलं लवकरच गुहांत गेली होती. तेलात भिजलेला पाला फावड्याने पोत्यांत भरला, फडकी काढली, साखळी सोडली. काका पट्टी खोलत होते. मी पिंप आडवं केलं तेव्हा तोंडाच्या कडेला, जिथे पत्रा थोडा फाटला होता, तिथे काही केस अडकलेले दिसले. आखूड, मऊ, टोकाला तपकिरी. मोठ्या अस्वलाचे नव्हते.

मी ते बोटांनी हळूच सोडवले आणि वाऱ्यावर धरले. वारा वायव्येचा होता. ते तळ्याकडे गेले.